एकवचन, अनेकवचन आणि संदर्भ : पर्लच्या दोन प्रवेशग्रंथांतील अ‍ॅरेच्या मांडणीची चिकित्सा

सारांश

पर्ल ही संगणकभाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिली खरी अडचण येते ती अ‍ॅरेपाशी. एका नावाखाली अनेक मूल्ये ठेवणे ही कल्पना अवघड नाही. अवघड आहे ते त्याच नावाचा अर्थ वाक्यातील जागेनुसार बदलणे. प्रस्तुत लेखात 'लर्निंग पर्ल' आणि 'बिगिनिंग पर्ल फॉर बायोइन्फर्मेटिक्स' या दोन सुपरिचित प्रवेशग्रंथांतील अ‍ॅरेच्या मांडणीचे परीक्षण केले आहे. अ‍ॅरेचा परिचय आणि संदर्भाचा परिचय यांची फारकत केल्यास नवशिक्याच्या चुका मूक राहतात, आणि म्हणून या दोन गोष्टी एकत्रच शिकवल्या पाहिजेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रस्तावना

लॅरी वॉल यांनी पर्ल ही भाषा डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. मजकुराच्या फायली वाचणे, त्यातून हवे ते वेचणे आणि त्याचा अहवाल तयार करणे ही कामे सोपी व्हावीत हा तिचा मूळ हेतू होता. १९९४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीने तिला आजचे रूप दिले. इंटरनेटच्या आरंभीच्या विस्तारात तिचा मोठा वाटा होता. जैवमाहितीशास्त्रातही तिने स्थान मिळवले; मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पाला पर्लने कसे तारले, हे सांगणारा लिंकन स्टाईन यांचा १९९६ मधील लेख त्या काळात बराच गाजला. भारतीय विद्यापीठांतील जैवमाहितीशास्त्राच्या अभ्यासक्रमांतही पर्लचा समावेश झाला तो याच पार्श्वभूमीवर.

आज नव्या प्रकल्पांसाठी पायथॉन आणि आर या भाषांना पसंती मिळते. तरीही पर्लच्या आवृत्त्या निघत आहेत आणि जुन्या स्क्रिप्ट अनेक ठिकाणी कामात आहेत. अशी स्क्रिप्ट हाती पडलेला विद्यार्थी वा संशोधक बहुधा स्वतःच्या बळावर, एखादे पुस्तक समोर ठेवून शिकतो. म्हणून प्रवेशग्रंथ कोणती गोष्ट आधी सांगतो आणि कोणती मागे ठेवतो, या प्रश्नाला महत्त्व येते. पाठ्यपुस्तकाची समीक्षा करताना विषयाची अचूकता तपासली जाते. क्रमाची चिकित्सा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखाचा रोख या क्रमावर आहे.

२. चिन्हांचे व्याकरण

पर्लमध्ये प्रत्येक चलाच्या नावाआधी एक चिन्ह येते. एकच मूल्य धारण करणाऱ्या चलास स्केलर म्हणतात व त्याच्या आधी $ हे चिन्ह लावतात. अनेक मूल्ये क्रमाने धारण करणाऱ्या चलास अ‍ॅरे म्हणतात व त्याच्या आधी @ हे चिन्ह लावतात. लॅरी वॉल यांचे शिक्षण भाषाविज्ञानाचे होते आणि नैसर्गिक भाषांच्या धाटणीचा ठसा त्यांच्या रचनेवर उघड दिसतो. $ हे एकवचनाचे आणि @ हे अनेकवचनाचे चिन्ह मानले, तर बराचसा गुंता सुटतो.

समजा, दगडांची यादी @दगड या अ‍ॅरेत ठेवली आहे. (यूटीएफ-८ ची घोषणा केल्यास आजच्या पर्लमध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात.) या यादीतील पहिला दगड हवा असेल, तर तो $दगड[0] असा लिहावा लागतो. नवशिक्याचा पहिला गोंधळ येथे होतो. अ‍ॅरेचे चिन्ह @ असे नुकतेच शिकवलेले असताना त्याच अ‍ॅरेतील घटक घेताना चिन्ह का बदलले, असा प्रश्न त्याला पडतो. त्याचे उत्तर असे, की चिन्ह भांड्याचे नसून भांड्यातून जे बाहेर काढले त्याचे आहे. एक दगड काढला, म्हणून एकवचन. त्याच अ‍ॅरेतील दोन दगड एकदम घेतले तर @दगड[0, 1] असे अनेकवचन येते. त्यातच $दगड नावाचे वेगळे स्केलर चलही एकाच वेळी अस्तित्वात असू शकते आणि त्याचा @दगड या अ‍ॅरेशी काहीही संबंध नसतो.

हा नियम तर्कशुद्ध असला तरी शिकणाऱ्यास जड जातो, याची कबुली पर्लच्या रचनाकारांनीच एका परीने दिली आहे. पर्ल ६ म्हणून आखली गेलेली आणि २०१९ पासून राकू या नावाने ओळखली जाणारी भाषा तयार करताना हा नियम बदलण्यात आला. राकूमध्ये अ‍ॅरेतील एक घटक घेतानाही @ हेच चिन्ह कायम राहते.

चिन्हापेक्षा सूक्ष्म बाब संदर्भाची आहे. तिला पर्लच्या परिभाषेत कॉन्टेक्स्ट म्हणतात. मराठी भाषकाला ती मुळीच परकी वाटू नये. 'दगड पडला' आणि 'दगड पडले' या दोन वाक्यांत 'दगड' हा शब्द जसाच्या तसा आहे. एक की अनेक, हे क्रियापदाने ठरते. अकारान्त पुल्लिंगी नामांचे अनेकवचन मराठीत असेच चालते. पर्लमध्येही @दगड हे पद जसेच्या तसे राहते आणि त्याच्याभोवतीची क्रिया त्याचा अर्थ ठरवते. ($पहिला) = @दगड असे लिहिल्यास डावीकडे कंस असल्याने यादीची अपेक्षा निर्माण होते आणि पहिला दगड मिळतो. $संख्या = @दगड असे लिहिल्यास डावीकडे एकाच मूल्याची अपेक्षा असते आणि दगडांची संख्या मिळते. दोन वाक्यांत फरक केवळ कंसाचा आहे. उत्तरे मात्र वेगळ्या जातीची आहेत.

३. 'लर्निंग पर्ल' : रचनेकडून वापराकडे

रँडल श्वार्ट्झ यांचे 'लर्निंग पर्ल' हे पुस्तक ओरायली या प्रकाशनसंस्थेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावरील लामा या प्राण्यामुळे ते 'लामा पुस्तक' म्हणून ओळखले जाते. पुढील आवृत्त्यांत टॉम ख्रिश्चनसन, टॉम फिनिक्स आणि ब्रायन डी फॉय हे सहलेखक आले. आठवी आवृत्ती २०२१ मध्ये निघाली. पर्ल शिकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांचे हे पहिले पुस्तक ठरले आहे.

२००१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून रूढ झालेल्या मांडणीत तिसरे प्रकरण यादी आणि अ‍ॅरे यांना वाहिलेले आहे. त्याचे पहिले गुणविशेष म्हणजे यादी आणि अ‍ॅरे यांतील भेद सुरुवातीलाच स्पष्ट केला आहे : यादी म्हणजे मूल्यांचा क्रम, अ‍ॅरे म्हणजे तो क्रम धारण करणारे चल. अनेक पुस्तके हे दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरतात. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. कारण एका मूल्याच्या अपेक्षेत अ‍ॅरे आपली संख्या सांगतो, तर कंसात लिहिलेली (4, 5, 6) ही मूल्ये त्याच जागी ठेवल्यास शेवटचे मूल्य, म्हणजे 6, हाती येते. ज्याला हा भेद ठाऊक नाही त्याला हे वर्तन लहरी वाटेल.

यानंतर प्रकरणाचा क्रम असा आहे : घटक कसा घ्यावा, शेवटचा इंडेक्स कसा मिळवावा, यादी कशी लिहावी, पुश व पॉप, शिफ्ट व अनशिफ्ट या क्रिया, अवतरणचिन्हांत अ‍ॅरे लिहिल्यास काय होते, फॉरईच ही पुनरावृत्तीची रचना, यादी उलट करणे, क्रम लावणे, आणि या सर्वांनंतर, प्रकरण संपत आले असता, स्केलर व यादी संदर्भ. भाषा खेळकर आहे. उदाहरणांतील पात्रे 'द फ्लिंटस्टोन्स' या १९६० च्या दशकातील अमेरिकन चित्रमालिकेतून घेतली आहेत आणि दगडांची यादीही त्याच अश्मयुगीन विश्वातील आहे. ही मालिका न पाहिलेल्या वाचकाला नावांतील विनोद कळत नाही, परंतु आकलनात त्याने बाधा येत नाही.

बाधा येते ती क्रमामुळे. संदर्भाचा विचार शेवटी ठेवल्याने आधीच्या सर्व विभागांत वाचक तो नियम नकळत वापरत असतो. पुश, पॉप आणि फॉरईच या रचना व्यवस्थित चालतात, कारण त्या आपापला संदर्भ स्वतः पुरवतात. वाचकाचा असा समज होतो, की @ म्हणजे नेहमीच सर्व घटक. मग तो स्वतःची पहिली स्क्रिप्ट लिहितो. छापण्याच्या आज्ञेत 'एकूण' हा शब्द आणि @नावे हा अ‍ॅरे यांच्यामध्ये स्वल्पविराम दिला, तर सर्व नावे छापली जातात. जोडणीचा बिंदू दिला, तर नावांची संख्या छापली जाते. एका विरामचिन्हाच्या फरकाने नावांच्या जागी आकडा का आला, याचा उलगडा प्रकरणाच्या शेवटच्या काही पानांत आहे. पण तोपर्यंत वाचकाने समज पक्का केलेला असतो. आधी पक्का झालेला समज मोडणे हे नवा समज घडवण्यापेक्षा कठीण असते, हे अध्यापकांना सांगायला नको.

लेखकांच्या बाजूनेही एक युक्तिवाद करता येतो. संदर्भाचे स्पष्टीकरण देण्यास उदाहरणे लागतात आणि उलट करणे वा क्रम लावणे या क्रिया माहीत असल्याखेरीज ती उदाहरणे तोकडी पडतात. शिवाय संदर्भाला एकच सर्वव्यापी नियम नाही. एका मूल्याच्या अपेक्षेत उलट करण्याची क्रिया सर्व घटक जोडून अक्षरे उलटी करते, तर क्रम लावण्याच्या क्रियेचे वर्तन त्या जागी निश्चितच केलेले नाही. हे सर्व पहिल्याच पानावर सांगितल्यास नवशिक्या दबून जाईल. युक्तिवाद रास्त आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते एवढेच, की संदर्भाचा संपूर्ण विस्तार शेवटी यावा. त्याचे बीज, म्हणजे कंसासह आणि कंसाविना केलेल्या मूल्यदानाची वरील दोन वाक्ये, पहिल्या अ‍ॅरेसोबत देण्यास कोणताच अडथळा नव्हता.

४. टिसडॉल यांचे पुस्तक : गरजेकडून रचनेकडे

जेम्स टिसडॉल यांचे 'बिगिनिंग पर्ल फॉर बायोइन्फर्मेटिक्स' २००१ मध्ये त्याच प्रकाशनसंस्थेने काढले. वाचक जीवशास्त्रज्ञ आहे आणि त्याने प्रोग्रॅमिंग कधीच केलेले नाही, हे गृहीत धरून ते लिहिले आहे. त्यात अ‍ॅरेला स्वतंत्र प्रकरण नाही. अनुक्रम आणि मजकूर यांविषयीच्या चौथ्या प्रकरणाच्या उत्तरार्धात तो अवतरतो. परंतु ज्या रीतीने अवतरतो ती लक्षणीय आहे.

प्रथिनाचा अनुक्रम एका फायलीत तीन ओळींत साठवला आहे. पहिला प्रोग्रॅम ती फाईल उघडतो आणि वाचलेले एका स्केलर चलात ठेवतो. परिणाम असा, की केवळ पहिली ओळ छापली जाते. लेखकाने हा अपुरा प्रोग्रॅम मुद्दाम दिला आहे. दुसऱ्या प्रयत्नात वाचण्याची आज्ञा तीनदा दिली जाते. काम होते, पण ओळी तीनशे असत्या तर काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. तिसऱ्या प्रयत्नात डावीकडच्या स्केलरच्या जागी अ‍ॅरे ठेवला जातो आणि एकाच आज्ञेत सर्व ओळी आत येतात.

या तीन प्रयत्नांत अध्यापनाची एक पूर्ण पद्धत सामावली आहे. अ‍ॅरेची गरज वाचकाने स्वतः अनुभवली. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फाईल वाचण्याची आज्ञा तीच असताना डावीकडे काय आहे यावर तिचे वर्तन बदलते, हे त्याने नियम ऐकण्याआधी पाहिले. संदर्भ हा शब्द उच्चारण्यापूर्वीच संदर्भाचा प्रत्यय आला. पुढे डीएनएतील ए, सी, जी, टी या चार आधारघटकांचा लहान अ‍ॅरे घेऊन क्रियांची ओळख होते. प्रकरण संपताना त्याच चार घटकांवर संदर्भाचा नियम सांगितला जातो : एका मांडणीत उत्तर 4 येते, तर कंसाच्या मांडणीत ए. चारच घटक असल्याने उत्तर कुठून आले हे वाचकाला बोटावर मोजता येते.

पुढील प्रकरणातील एक प्रयोगही उल्लेखनीय आहे. डीएनएच्या अनुक्रमातील आधारघटकांची गणना प्रथम अनुक्रमाचे एकेक अक्षर सुटे करून, अ‍ॅरेत भरून केली जाते. नंतर तीच गणना अ‍ॅरे न वापरता, मूळ मजकुरावरच केली जाते. अ‍ॅरे कधी वापरावा यासोबत तो कधी टाळावा, हेही नवशिक्याला कळते. लांबलचक अनुक्रमाचे प्रत्येक अक्षर स्वतंत्र घटक म्हणून साठवल्यास स्मृती वाया जाते, हा व्यावहारिक धडा त्यातून मिळतो. अनेक प्रवेशग्रंथ साधनाचा परिचय देतात, पण त्या साधनाची मर्यादा दाखवत नाहीत. टिसडॉल यांनी ती दाखवली.

या पुस्तकाच्या उणिवाही नोंदवणे आवश्यक आहे. अ‍ॅरेवरील क्रिया एकापाठोपाठ एक अशा झरझर येतात आणि त्यांना आधीच्या तीन प्रयत्नांसारखी गरजेची पार्श्वभूमी नसते. यादी आणि अ‍ॅरे यांतील भेद 'लर्निंग पर्ल' इतका रेखीव नाही. शिवाय अनुक्रम हा मुळात मजकूर असल्याने अ‍ॅरेत आलेल्या ओळी लगेच जोडून पुन्हा एक मजकूर केला जातो. अ‍ॅरे ही बहुतेक वेळा तात्पुरती टोपली ठरते. घटकांचे क्रमांक, टोकाच्या जागा, रिकाम्या जागा यांचा सराव त्यामुळे कमी होतो. तो सराव 'लर्निंग पर्ल' अधिक चांगला देते.

५. मूक चूक

येथवरची चर्चा केवळ शैक्षणिक अभिरुचीची वाटू शकेल. तिचे गांभीर्य लक्षात येते ते चुकांचे स्वरूप पाहिल्यावर. पाच विद्यार्थ्यांचे गुण @गुण या अ‍ॅरेत ठेवले आहेत असे मानू : ७२, ६५, ५८, ८१, ४४. बेरीज ३२० आणि सरासरी ६४. नवशिक्या हजेरीच्या सवयीने मोजणी एकपासून सुरू करतो आणि पाचपर्यंत नेतो. परंतु अ‍ॅरेचे क्रमांक शून्यापासून चारपर्यंत असतात. पहिल्या विद्यार्थ्याचे ७२ गुण सुटतात. पाच या क्रमांकावर काहीच नसते. पर्ल त्या जागी अनडेफ हे रिक्त मूल्य देते आणि बेरजेत ते शून्य धरते. बेरीज २४८ होते, पाचने भागल्यावर ४९.६ उत्तर येते आणि प्रोग्रॅम सुरळीत संपतो.

हीच चूक पायथॉनमध्ये केल्यास यादीबाहेरचा क्रमांक मागितल्याची तक्रार करून प्रोग्रॅम थांबतो. पर्ल थांबत नाही. इशाऱ्यांची सोय चालू असेल तर रिक्त मूल्य बेरजेत आल्याची सूचना मिळते. ती बंद असेल तर तीही नाही. ४९.६ हा आकडा अशक्य दिसत नसल्याने तो तसाच तक्त्यात जाऊ शकतो. नवशिक्याच्या हातून चूक होणे स्वाभाविक आहे. मात्र चूक झाल्याचे त्याला कळूच नये, ही स्थिती शिक्षणाच्या दृष्टीने घातक आहे.

एकपासून मोजण्याच्या सवयीला पर्लने एके काळी जागाही दिली होती. एका विशेष चलाचे मूल्य बदलून सर्व अ‍ॅरे एकपासून सुरू करता येत. एका फायलीतील अ‍ॅरे शून्यापासून आणि दुसरीतील एकपासून, अशा गोंधळाला त्यातून वाव मिळे. ही सोय पुढे त्याज्य ठरवण्यात आली आणि २०१९ च्या ५.३० आवृत्तीपासून तसे करू पाहिल्यास प्रोग्रॅम थांबतो. म्हणजे माणसाची मोजणी आणि यंत्राची मोजणी यांतील अंतर भाषेने बुजवायचे नाही, ते शिकणाऱ्याने ओलांडायचे, असा निर्णय झाला. 'लर्निंग पर्ल' मधील या प्रकरणाचा दुसरा स्वाध्याय नेमका याच अंतरावर बेतलेला आहे : वापरकर्त्याने एक ते सात यांतील क्रमांक द्यायचे आणि प्रोग्रॅमने त्या क्रमांकाचे नाव छापायचे. स्वाध्यायाची ही निवड दाद देण्याजोगी आहे.

याच पुस्तकात इशाऱ्यांची सोय दुसऱ्या प्रकरणात येते, तर अघोषित चलांना मज्जाव करणारी स्ट्रिक्ट ही शिस्त चौथ्या प्रकरणात, म्हणजे अ‍ॅरेनंतर. परिणामी अ‍ॅरेचा सराव करताना @गुण ऐवजी चुकून @गण टंकले गेले, तर पर्ल @गण नावाचा नवा रिकामा अ‍ॅरे मुकाट्याने मान्य करते. पर्ल ५.१२ किंवा त्यापुढील आवृत्तीची घोषणा स्क्रिप्टच्या आरंभी केल्यास स्ट्रिक्ट आपोआप लागू होते आणि २०२२ च्या ५.३६ पासून अशा घोषणेने इशारेही चालू होतात. आज पर्ल शिकवणाऱ्याने ही एक ओळ पहिल्या दिवशीच लिहून घ्यावी. तिचे स्पष्टीकरण नंतर दिले तरी चालेल.

६. क्रम लावणे आणि मराठी वर्णक्रम

पर्लची क्रम लावण्याची क्रिया मूल्यांना मूलतः मजकूर मानते. त्यामुळे ९, ४४, १०० या गुणांचा चढता क्रम लावला असता १००, ४४, ९ असे उत्तर येते. कारण पहिल्या अक्षरांची तुलना होते. 'लर्निंग पर्ल' हा धोका याच प्रकरणात दाखवते आणि संख्यांचा क्रम लावण्याची रीत नंतरच्या एका प्रकरणाकडे सोपवते. येथे क्रम योग्य आहे : धोका आधी कळला, उपाय नंतर आला.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यासाठी मात्र आणखी एक धोका आहे आणि त्याची अपेक्षा या पुस्तकांकडून करता येत नाही. मूळ क्रम युनिकोडमधील सांकेतिक क्रमांकांनुसार लागतो. युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल' च्या लगेच पुढे आहे. मराठी वर्णमालेत ते 'ह' नंतर येते. म्हणून 'काळे' आणि 'काशीकर' या आडनावांच्या यादीत पर्ल 'काळे' आधी ठेवते, तर मराठी कोशाच्या क्रमाने 'काशीकर' आधी यायला हवे. यासाठी पर्लसोबतच मिळणाऱ्या युनिकोड कोलेट या मोड्यूलमध्ये मराठीच्या वर्णक्रमाची तरतूद आहे. विद्यार्थ्यांची यादी, ग्रंथालयाची सूची वा शब्दकोशाची सामग्री हाताळणाऱ्या मराठी अध्यापकाने ही बाब अ‍ॅरेच्या पाठातच सांगणे इष्ट ठरेल. देवनागरी अंकांबाबतही अशीच सावधगिरी हवी. चौकटी कंसात '०' असा देवनागरी अंक लिहिल्यास पर्ल त्याला संख्या मानत नाही.

७. पुढे ढकललेला प्रश्न

नवशिक्याची प्रत्यक्ष सामग्री क्वचितच एकरेषीय असते. गुणपत्रकात ओळी असतात आणि स्तंभही असतात. साहजिकच तो दोन अ‍ॅरे एकात ठेवू पाहतो आणि (@मराठी, @गणित) असे लिहितो. पर्ल या दोहोंना सपाट करून एकच लांब यादी बनवते. मराठीचे गुण कुठे संपले आणि गणिताचे कुठे सुरू झाले याची खूण राहत नाही. अ‍ॅरेत अ‍ॅरे ठेवण्यासाठी रेफरन्स ही संकल्पना लागते. 'लर्निंग पर्ल' च्या लेखकांनी ती 'इंटरमिजिएट पर्ल' या पुढील पुस्तकासाठी राखून ठेवली.

प्रवेशग्रंथाला सीमा असावी लागते आणि ही सीमा समजण्यासारखी आहे. परंतु सीमेवर पाटी हवी. यादीत यादी विरघळते, हे एक वाक्य आणि त्यावरचा उपाय अस्तित्वात असल्याची एक सूचना अ‍ॅरेच्या प्रकरणातच ठळकपणे मिळाली, तर गुणपत्रक हाती घेतलेला विद्यार्थी आपल्या बुद्धीला दोष देत बसणार नाही. अ‍ॅरेचे सपाट होणे हाही अखेर संदर्भाचाच परिणाम आहे : यादीच्या जागी ठेवलेला अ‍ॅरे आपले घटक ओतून मोकळा होतो.

८. निष्कर्ष

दोन्ही पुस्तकांचे गुण परस्परपूरक आहेत. 'लर्निंग पर्ल' संज्ञांची काटेकोर मांडणी आणि नेमके स्वाध्याय देते; टिसडॉल यांचे पुस्तक गरज, फसलेला प्रयत्न आणि उलगडा या क्रमाने शिकवते. अध्यापनासाठी टिसडॉल यांचा तीन प्रयत्नांचा आरंभ आणि श्वार्ट्झ यांचे स्वाध्याय, असा संयोग अधिक फलदायी ठरेल. संदर्भाचा नियम दोन्ही पुस्तकांनी प्रकरणाच्या अखेरीस मांडला आहे. फरक इतकाच, की टिसडॉल यांच्या वाचकाला तेथे पोचेपर्यंत त्याचा अनुभव आलेला असतो, तर श्वार्ट्झ यांच्या वाचकाने बहुधा चुकीचा अंदाज बांधलेला असतो.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ही भाषा शिकवताना अध्यापकाच्या हाती एक सोय आहे. 'दगड पडला' आणि 'दगड पडले' ही वाक्ये तो विद्यार्थी लहानपणापासून न चुकता बोलत आला आहे. शब्द तोच राहतो आणि वाक्य त्याचे वचन ठरवते, हे त्याला शिकवावे लागत नाही. त्याच्या जवळ असलेल्या या ज्ञानाची फक्त आठवण करून द्यावी लागते. फळ्यावर पहिला अ‍ॅरे लिहिला जाईल त्याच वेळी त्याखाली कंसासह एक आणि कंसाविना एक अशी दोन वाक्ये लिहिली गेली, तर पुढच्या तासाला ४९.६ हे उत्तर घेऊन येणारा विद्यार्थी आपल्या अ‍ॅरेत किती घटक आहेत हे स्वतःच छापून पाहील आणि चूक स्वतःच शोधेल.